बांधापलीकडचा भाऊ

आजचे वाचन : १ योहान २:३-११



प्रियांनो, "माझं तारण खरंच झालंय का?" हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येकाच्या मनात येतो. योहान त्यावर एक खूण सांगतो : आपण प्रभूला ओळखतो की नाही, हे आपल्या आज्ञापालनावरून कळतं.

मग तारण कर्मांनी मिळतं का? मुळीच नाही. इफिस २:८-१० वाचा. आधी कृपा, मग सत्कृत्ये. आपल्या शहापूर-मुरबाडकडे उन्हाळ्यात राब भाजतात, पाऊस आला की त्यात भात पेरतात. हिरवी पाती वर आली की कळतं, बियाणं जिवंत आहे. रोप काही बियाण्यात जीव घालत नाही. असलेला जीव दाखवतं. आज्ञापालन तसंच आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगलं. खात्री मिळाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली आणि विधवांना त्यांनी आणलं, केडगावला आसरा दिला.

आणि मी? मुरबाडच्या शेताच्या बांधावरून थोरल्या भावाशी दोन वर्षं बोलत नव्हतो. सभेत उभा राहून तारणाची साक्ष द्यायचो, पण आजच्या वाचनातलं नववं वचन आलं की पान उलटायचो. भावाचा द्वेष करणारा अजून अंधारातच आहे, हे मला ऐकायचं नव्हतं.

शेवटी शहापूरहून मुरबाडची एसटी धरली. "दादा, माझं चुकलं," एवढंच म्हणालो. दादा गप्पच होता. वहिनीने चहा ठेवला. बांधाची मोजणी अजून व्हायचीच आहे. पण त्या रात्री प्रार्थनेत दादाचं नाव घेताना जीभ अडखळली नाही.

दादाकडे गेलो म्हणून मी तारलो गेलो नाही. ज्याने वधस्तंभावर मला तारलं, त्यानेच मला दादाकडे पाठवलं.

तुम्ही कोणतं वचन आलं की पान उलटता? आज तिथेच थांबा.

प्रार्थना : प्रभू, माझी खात्री माझ्यावर नाही, तुझ्यावर आहे. जे तू सांगतोस ते करायला मला बळ दे. येशूच्या नावात, आमेन.