गरुडविमान आणि कात्री

पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर ज्या आवारात मी संकलन शिकते, तिथेच प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला. त्यातलं वैकुंठगमन मी एकेक फ्रेम थांबवून पाहिलं. गरुडविमान ही कॅमेऱ्याची करामत आहे, हे उघड दिसतं. आजीला सांगितलं, तरी तिने टीव्हीपुढे हात जोडलेच. वर म्हणाली, ‘‘मूर्तीसुद्धा पाथरवटच घडवतो ना गं?’’

पटतं, पण पुरतं नाही. मूर्तीची निदान प्राणप्रतिष्ठा होते; फिल्मची कोण करतं? रिळांच्या काळात प्रोजेक्टरची झडप दर फ्रेमला उजेड अडवायची, म्हणजे थिएटरात पडदा बराच वेळ काळाच असायचा. मधला अंधार प्रेक्षकच भरून काढायचा. भक्तही तेच करत असेल, तर सांधा लपवणारी मी पुजारीण की गारुडी? सरांच्या मते हा प्रश्न परीक्षेला येत नाही.