ड्राय सोल्डर

लालबागमधल्या एका चाळीच्या गणपतीची आरास दरवर्षी पोरंच करतात. मखर, रंग, पडदे ही कामं वाटून झाली आणि मूर्तीमागे गोल फिरणाऱ्या दिव्यांचं काम अकरावीतल्या एका मुलीने अंगावर घेतलं. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून ती लॅमिंग्टन रोडला गेली. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर, पेस्टची डबी, झिरो पीसीबी, एक 555, एक 4017 आणि दहा ट्रान्झिस्टर घेऊन आली. 555 ठोके देतो, त्या ठोक्यांवर 4017 एकामागून एक दहा वाटा उघडतो, ट्रान्झिस्टर दिवे पेटवतात. सर्किट तिने नीट समजून घेतलं होतं. आयर्न मात्र पहिल्यांदाच हातात धरलं होतं.

टेबलावर बोर्ड चालला. दिवे पळू लागले तशी अर्धी चाळ गॅलरीत जमली. बोर्डाच्या उलट्या बाजूला सोल्डरचे गोळे मोत्यांसारखे टपोरे बसले होते आणि पोरीला त्यांचाच जास्त अभिमान होता.

मग बोर्ड प्लायवूडच्या चौकटीला लावला. शेजारी सुतारकाकांनी खिळा ठोकला आणि दिवे गेले. पोरीने बोटाने एक ट्रान्झिस्टर दाबला, दिवे आले. बोट काढलं, गेले. तिने त्या जागी आणखी सोल्डर ओतलं. आले. पुढच्या खिळ्याला दुसऱ्याच बाजूचे गेले. गणपती दोन दिवसांवर आले होते.

कुणीतरी तळमजल्यावरच्या नानांना बोलावलं. नाना मूळचे गिरणीतले, साचेखात्यातले. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि नानांचा साचा थांबला तो कायमचाच. त्याच वर्षी देशात टीव्ही रंगीत झाला, दिल्लीतल्या एशियाडच्या निमित्ताने घरोघर संच आले आणि ते दुरुस्त करणारे हात कमी पडू लागले. पस्तिशीचे नाना परळच्या एका दुकानात विशीतल्या एका पोराच्या हाताखाली बसले. साच्यावर तयार झालेला हात जड. आयर्न दाबायचे आणि पॅडवरचं तांबं उखडून यायचं. ‘मामा, इथे जोर नाय, गरमी लागते,’ असं ते पोरगं त्यांना सारखं सांगायचं. संपाने गिरणगावातली किती घरं उद्ध्वस्त झाली हे सगळेच सांगतात. पोराबाळांच्या बापांनी आपल्याहून लहान माणसाकडे बसून, श्रीगणेशापासून नवी विद्या उचलली, हे सांगायचं राहून जातं. मला ते फार मोठं वाटतं.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला, बोर्ड डोळ्यांजवळ नेला आणि ट्रान्झिस्टरचा एक पाय नखाने हलवला. पाय गोळ्यातल्या गोळ्यात हलला.

‘ड्राय सोल्डर. हे पण. आणि हे पण.’

‘पण नाना, सोल्डर कमी नाही घातलं ओ.’

‘घातलंस ना, वरून घातलंस. तू सोल्डर तापवलंस, पाय थंडच राहिला. थंड पायाला ते धरत नाही, नुसतं वर बसून राहतं. आणि जितकं जास्त घालशील तितकं आत काय झालंय ते दिसेनासं होतं.’

त्यांनी आयर्नचं बिट ओल्या स्पंजवर पुसलं, त्याला सोल्डरची पातळ कल्हई दिली. नव्या ट्रान्झिस्टरचा पाय ब्लेडने खरवडून चकचकीत केला. मग बिट असं टेकवलं की पॅड आणि पाय दोघांना एकदमच लागावं. वायर बिटाला लावलीच नाही, पलीकडून पायाला लावली. क्षणभर काही झालं नाही. मग राळेचा धूर निघाला आणि सोल्डर आपणहून पायाभोवती पसरलं, पॅडच्या कडेपर्यंत जाऊन थांबलं. नानांनी आधी वायर उचलली, मग आयर्न. पोर फुंकर मारायला वाकली, तर त्यांनी हात आडवा धरला. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं असलेलं हे सोल्डर 183 अंशांना पूर्ण घट्ट होतं. त्याआधीचे काही अंश ते धड पातळ नसतं, धड घट्ट नसतं. तेवढ्यात हललं की जोड दाणेदार, करडा, कच्चा होतो. नानांचा जोड गोळा नव्हताच. चारी बाजूंनी आत वळलेला छोटा उतार होता आणि त्यातून पायाचा आकार स्पष्ट दिसत होता.

तोवर कार्यकर्ते आले. रात्री ट्रायल बघायला चाळीतली वडीलधारी मंडळी जमणार होती. एकाने तोडगा काढला, ‘सगळीकडे ग्लू गन मार, हलणारच नाही. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.’ तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. गोंदाने पाय जखडले असते आणि दिवस कदाचित निभावलेही असते. पोरीने नानांकडे पाहिलं. नाना चहा पीत होते, काही बोलले नाहीत. ज्याला काम येतं त्याने अशा वेळी गप्प राहणं फार अवघड असतं.

‘आज दिवे होणार नाहीत,’ पोर म्हणाली. ‘चतुर्थीला होतील की नाही, तेही सांगता येत नाही.’

तिने नानांचा सकर घेतला आणि एकेक गोळा वितळवून ओढून काढायला लागली. साठ-सत्तर जोड, तेही कॉलेज सांभाळून. ती वैतागली तेव्हा नानांनी तिला टिफ्रॅकबद्दल सांगितलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला, 1960 मध्ये कामाला लागलेला संगणक. 2,700 व्हॉल्व्ह, 1,700 डायोड, 12,500 रेझिस्टर. नुसत्या रेझिस्टरचीच पंचवीस हजार टोकं जोडायची, आणि एखादं कच्चं राहिलं तरी उत्तर चुकू शकतं. नरसिंहन सोडले तर त्या मंडळींपैकी कुणी त्याआधी संगणक वापरलेलाही नव्हता. ‘खिडकी उघडी ठेव,’ एवढं सांगून नाना उठले, ‘आणि लाडवाला हात लावायच्या आधी साबणाने हात धू. यात शिसं असतं.’

चतुर्थीच्या संध्याकाळी मूर्तीमागे साधी पिवळी माळ लागली. पोरीच्या हातात काम दिलं की असंच व्हायचं, असंही कुणी बोलून गेलं. तिने ते ऐकलं आणि ती कामाला बसली. दुसऱ्या दिवशीच्या आरतीला बोर्ड चढला. ढोल, ताशे, झांजा, पोरांच्या उड्या, सगळ्याचे हादरे त्या प्लायवूडला बसत होते. अनंत चतुर्दशीपर्यंत दिवे फिरत राहिले.

विसर्जनानंतर तिने बोर्ड उतरवून नानांकडे नेला. त्यांनी तो उलटा करून उजेडात धरला आणि एका जोडावर बोट ठेवून ‘हा परत कर’ म्हणाले. तिने तो तिथेच बसून परत केला. आता रविवारी नानांच्या खोलीत चाळीतली आणखी दोन मुलं आयर्न धरायला शिकतात. शिकवते ती, आणि सुरुवातीला त्यांना फक्त जुन्या बोर्डांवरचे जोड काढायला लावते.