सापांविना शिड्या : ‘स्पोअर’, उत्क्रांती आणि खेळाडूंचा निवाडा

व्हिडिओ गेमविषयी खेळाडू जे मत देतात ते बहुधा करमणुकीच्या खात्यात जमा केले जाते. गेम रंगला की कंटाळवाणा झाला, पैसे वसूल झाले की वाया गेले, एवढ्यावरच त्या मताची बोळवण होते. परंतु जो गेम जीवसृष्टी कशी घडली आणि मानवसमाज कसा वाढला याविषयी काही सांगू पाहतो, त्याच्याविषयीचे मत हे त्या सांगण्याविषयीचेही मत असते, मग ते देणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो. २००८ साली आलेला ‘स्पोअर’ हा याचा ठळक दाखला आहे. या गेमविषयी खेळाडूंनी जी नाराजी व्यक्त केली ती मुळात उत्क्रांतीच्या एका चुकीच्या कल्पनेवरील टीका होती, आणि ती नीट समजून घेण्यासाठी लागणारे विचारधन पुण्याच्या ज्ञानपरंपरेत उपलब्ध आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नगररचनेवरील ‘सिमसिटी’ (१९८९) आणि घरसंसारावरील ‘द सिम्स’ (२०००) या गेममुळे जगभर परिचित झालेले रचनाकार विल राइट यांची ‘स्पोअर’ ही सर्वांत महत्त्वाकांक्षी कल्पना होती. मॅक्सिसने घडवलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केलेल्या या गेमचे पाच टप्पे आहेत: पेशी, प्राणी, टोळी, नागरसंस्कृती आणि अंतराळ. खेळाडू पाण्यात तरंगणाऱ्या एका सूक्ष्म जीवापासून सुरुवात करतो, त्याला जमिनीवर आणतो, त्याची टोळी बांधतो, नगरे वसवतो आणि शेवटी यानात बसून आकाशगंगेत संचार करतो. खेळाडूने प्राण्याला तीन पाय दिले काय किंवा आठ दिले काय, संगणक ठरलेल्या नियमांवरून त्याची चाल तिथल्या तिथे तयार करतो; नियमांवरून ऐनवेळी दृश्य घडवण्याच्या या तंत्राला ‘प्रोसीजरल’ निर्मिती म्हणतात, आणि २००५ साली राइट यांनी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले तेव्हापासूनच या गेमभोवती अपेक्षांचे वलय तयार झाले होते.

गेम हाती आल्यावर मते दुभंगली. प्राणी घडवण्याच्या साधनाचे कौतुक जवळजवळ एकमुखी होते, कारण चित्रकलेचा गंध नसलेल्या माणसालाही त्यातून काही मिनिटांत जिवंत भासणारा जीव उभा करता येत असे. शिवाय एकाने घडवलेला प्राणी दुसऱ्याच्या ग्रहावर आपोआप वावरू लागे. तक्रारींपैकी एक खेळाबाहेरची होती: प्रतिकृती रोखण्यासाठी लादलेल्या बंधनामुळे विकत घेतलेला गेम सुरुवातीला केवळ तीनच वेळा संगणकावर कार्यान्वित करता येत असे, आणि ज्याने रास्त पैसे मोजले त्यालाच चोर समजल्याचा हा संताप पूर्णपणे न्याय्य होता. उरलेल्या तक्रारी मात्र गेमच्या गाभ्याविषयी होत्या. प्रत्येक टप्पा उथळ आहे, एका टप्प्यातील निर्णयांचे पडसाद पुढच्या टप्प्यात फारसे उमटत नाहीत, आणि घडवण्याचे स्वातंत्र्य अफाट असले तरी काय घडवले याने विशेष फरक पडत नाही, असे त्यांचे सार सांगता येईल.

गेमचा आरंभ एका उल्केने होतो; ती ग्रहावर आदळते आणि तिच्यातून आलेला जीव समुद्रात पोहू लागतो. जीवसृष्टीचे बीज अवकाशातून आले असावे या गृहीतकाला ‘पॅनस्पर्मिया’ म्हणतात, आणि फ्रेड हॉईल व चंद्रा विक्रमसिंगे यांनी विसाव्या शतकात त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. हॉईल यांचे शिष्य आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी हा प्रश्न प्रयोगाच्या कसोटीवर आणला. २००१ आणि २००५ साली इस्रोच्या साहाय्याने हैदराबादहून फुगे सोडण्यात आले आणि त्यांतील उपकरणांनी उच्च वातावरणातील हवेचे नमुने गोळा केले. दुसऱ्या खेपेचे नमुने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे होते. त्यांची तपासणी हैदराबादची ‘सीसीएमबी’ ही जीवशास्त्र संशोधन संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था येथे झाली, आणि २००९ साली जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे जाहीर झाले, ज्यांपैकी एकीला हॉईल यांच्यावरून ‘जॅनिबॅक्टर हॉयलेई’ हे नाव मिळाले. मात्र हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्टपणे सांगितले गेले. गेमने हे गृहीतक पहिल्या अर्ध्या मिनिटात उरकून टाकले, तर पुण्यात त्यासाठी अनेक वर्षे खर्च करूनही शास्त्रज्ञांनी निष्कर्षाला आवर घातला. प्रश्नातले खरे नाट्य या संयमात आहे आणि गेमला ते हाताळता आले नाही.

यापुढचा प्रश्न उत्क्रांतीचा आहे. डार्विनप्रणीत नैसर्गिक निवडीत तीन गोष्टी लागतात: संततीत आपोआप उद्भवणारे फरक, ते पुढच्या पिढीत उतरवणारी आनुवंशिकता, आणि परिस्थितीला अनुरूप ठरणाऱ्यांचे अधिक टिकणे. यात योजना करणारा कोणीही नसतो. ‘स्पोअर’मधील प्राणी मात्र सांगाडे उकरून नवे अवयव मिळवतो, शिकार किंवा मैत्री यांतून ‘डीएनए गुण’ साठवतो, घरट्याशी येऊन जोडीदाराला साद घालतो, आणि अंडे घातले जाताच खेळाडूसमोर अवयवांचे दालन उघडते. तिथे गुण मोजून तोंड, पाय, पंख वाटेल तसे बदलता येतात, अगदी मागच्या पिढीचा मागमूसही न ठेवता. एका प्राण्याला दोन पाय लावले किंवा दहा लावले तरी त्याचा वेग त्यांतल्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या पायावरून ठरतो, त्यांच्या संख्येवरून किंवा जागेवरून नाही. टोळीच्या टप्प्यात पाऊल ठेवताच शरीराचे बदलणे कायमचे थांबते आणि उरतात ती फक्त वस्त्रे आणि आभूषणे. ‘आकाराला अर्थ नाही’ ही खेळाडूंची तक्रार म्हणजे परिस्थिती आणि शरीर यांच्यातील नाते गेममधून गळून पडल्याची अचूक नोंद आहे.

या रचनेची तुलना महाराष्ट्राला परिचित असलेल्या मोक्षपटाशी करता येते. संतपरंपरेशी जोडल्या गेलेल्या त्या पटात सद्गुणांच्या शिड्या होत्या, तसेच दुर्गुणांचे सापही होते, आणि वर चढलेल्याला खाली यावे लागण्याची शक्यता हाच त्याचा बोध होता. ‘स्पोअर’मध्ये शिड्या आहेत, साप नाहीत: प्राणी मेला तर घरट्यातून पुन्हा सुरुवात होते, आणि खेळाडूची जात कधी नामशेष होत नाही. वास्तवात पृथ्वीवर होऊन गेलेल्या जातींपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या असाव्यात असे मानले जाते. त्याचा पुरावा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्यात मुठेच्या काठचे कर्वेनगर ज्या काळ्या कातळावर उभे आहे तो दख्खनच्या लाव्हाचा थर आहे; सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाखो वर्षांच्या अवधीत ओतल्या गेलेल्या या लाव्हाने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. याच सुमारास डायनासोर नष्ट झाले, आणि त्या संहारात मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा वाटा किती व दख्खनच्या उद्रेकांचा किती, याची चर्चा शास्त्रज्ञांत आजही चालू आहे. सस्तन प्राण्यांना मोकळे रान मिळाले ते या अपघातामुळे, त्यांच्या अंगच्या कोणत्या श्रेष्ठत्वामुळे नाही. उत्क्रांती ही शिडी नाही, हे कर्वेनगरात पायाखाली लिहिलेले आहे.

शिडीची हीच कल्पना टोळी आणि नागरसंस्कृती या टप्प्यांत अधिक घातक रूप घेते, कारण तिथे ती समाजांची प्रतवारी लावते: आधी टोळी, मग नगर, मग साम्राज्य, आणि वर चढण्यासाठी इतरांना जिंकणे वा आपलेसे करणे अपरिहार्य. या विचाराला उत्तर देताना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्नुषा आणि पुण्याच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे कार्य विसरता येत नाही. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करताना कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशावर अवलंबून असते असे दाखवावे, ही गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि असा संबंध आढळत नाही असा निष्कर्ष निर्भयपणे मांडला. पुढे ‘हिंदू सोसायटी: ॲन इंटरप्रिटेशन’ (१९६१) या ग्रंथात त्यांनी दाखवले की भारतीय समाज हा एकमेकांशेजारी नांदणाऱ्या, आपापली वैशिष्ट्ये राखणाऱ्या गटांच्या जुळणीतून बनला आहे. ज्या प्रदेशात मेंढपाळ धनगर, शेतकरी आणि नागर व्यापारी शतकानुशतके एकाच काळात जगत आले, तिथे पशुपालनाला इतिहासाची खालची पायरी म्हणणे ही बौद्धिक चूक ठरते. हे मधले टप्पे ‘केवळ पुढे जाण्यासाठी उरकायचे’ वाटतात, ही तक्रार म्हणूनच योग्य ठरते, कारण ज्या जीवनपद्धतीला रचनाकारानेच पायरी मानले, तिच्यात रमण्यासारखे काही उरत नाही.

अंतराळाच्या टप्प्यावर खेळाडूंचे प्रेमही आहे आणि रागही. असंख्य तारे, ओसाड ग्रहांना हवा-पाणी देऊन राहण्याजोगे करण्याची सोय, आकाशगंगेच्या केंद्राकडे जाण्याची ओढ यांसाठी कित्येकांनी हा टप्पा वर्षानुवर्षे खेळला. परंतु अख्ख्या साम्राज्याचा भार एकाच यानावर असल्यामुळे चाचे आले, पर्यावरण बिघडले अशा हाकांना धावता धावता शोधाचा आनंद हरपतो, असेही त्यांनी सांगितले. या गेममागील प्रेरणांत फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली मांडलेल्या समीकरणाचा उल्लेख होतो. आकाशगंगेत संपर्क साधू शकणाऱ्या किती संस्कृती असाव्यात याचा अंदाज बांधणाऱ्या त्या समीकरणातील शेवटचा घटक आहे संस्कृतीचे आयुर्मान, म्हणजेच ती किती काळ स्वतःला टिकवू शकते. ज्या गेममध्ये खेळाडूची जात संपतच नाही, त्याने या समीकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारा घटक सोडून दिला आहे.

राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. खरी नैसर्गिक निवड मंद, निर्हेतुक आणि निर्दय असते, आणि ज्यात खेळाडूला करण्यासारखे काही नाही तो खेळ होत नाही. विज्ञानाची काटेकोरता आणि लहानथोरांना मोहणारे गोजिरेपण यांच्यातील ओढाताण गेम घडवणाऱ्यांतही होती, असे सांगितले जाते. तरीही वैज्ञानिक सत्य आणि खेळाचा रस यांचे वैर मानण्याचे कारण नाही. ‘स्पोअर’वरील असमाधानातून उत्साही खेळाडूंनी ‘थ्राइव्ह’ हा मुक्तस्रोत, म्हणजे ज्याची संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे असा गेम हाती घेतला. त्यात पेशीच्या आतील ऊर्जानिर्मितीचाही हिशेब ठेवावा लागतो आणि जात नामशेषही होऊ शकते. टीकेतून निर्मिती उभी राहते, तेव्हा ती टीका रिकामटेकड्यांची कुरकुर नव्हती हे सिद्ध होते.

मराठीत नाटक, चित्रपट आणि कादंबरी यांच्या समीक्षेची समृद्ध परंपरा आहे. नव्या पिढीच्या विश्वकल्पनेला आकार देणाऱ्या गेमना मात्र तिने अजून आपले मानलेले नाही. महर्षी कर्वे यांनी १९०० साली आपला आश्रम हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, आणला, त्या भूमीवर आज त्यांच्या संस्थेचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही १९९१ पासून उभे आहे. तिथून संगणकशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणींकडे गेम घडवण्याचे कौशल्य आहे, आणि नारळीकर व इरावती कर्वे यांचा वारसा त्यांच्याच शहराचा आहे. दख्खनच्या कातळाचा आणि शेजारी-शेजारी नांदणाऱ्या समाजांचा अनुभव ज्यात खरा उतरेल असा गेम त्यांनी घडवावा, आणि मराठी वाचकांनी, विशेषतः पालकांनी व शिक्षकांनी, मुलांची गेमविषयीची मते करमणुकीची बडबड म्हणून न झटकता विचार म्हणून ऐकून घ्यावीत.