ऐकणाऱ्याचा सूर

टेबलावर एक जुना ट्रान्झिस्टर झाकण काढून ठेवला आहे. आत काळ्या फेराइटचा दांडा, त्यावर मेणाने पक्की केलेली बारीक तारेची गुंडाळी, एका कोपऱ्यात स्टेशन लावण्यासाठी फिरणारा गँग कंडेन्सर, आणि ओळीने बसवलेल्या पत्र्याच्या चार चौकोनी डब्या. प्रत्येकीच्या डोक्यावर रंगाचा ठिपका आहे : लाल, पिवळा, पांढरा, काळा. शाळेत असताना पुण्यातल्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून असलाच एक सेट मी जोडला होता. तो नुसती खरखर करायचा. ज्या मेकॅनिककाकांकडे तो नेला त्यांनी आधी माझा पेचकस काढून घेतला. ''पिवळी, पांढरी, काळी एकदा बसली की त्यांना बोट लावायचं नाही,'' ते म्हणाले. ''स्टेशनं सगळी लाल डबीत.''

हे मला पटलं नव्हतं. स्टेशन तर आकाशवाणीच्या मनोऱ्यातून येतं, ते या डबीत कुठून असणार? काकांचं वाक्य शब्दशः चूक होतं, तरी त्यात रेडिओचं मर्म होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. लाल डबी म्हणजे ऑसिलेटरची कॉइल. बाहेरून काहीही येवो न येवो, सेट चालू केला की तिच्यातून रेडिओ स्वतःचा एक सूर धरतो.

ही कल्पना रेजिनाल्ड फेसेंडेनची. त्याने १९०१ साली पेटंटासाठी अर्ज केला आणि 'निराळा' व 'शक्ती' अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून 'हेटेरोडाइन' हे नाव घडवलं. अडचण अशी होती की बिनतारी संदेशाची लहर सेकंदाला लाखभर वेळा थरथरते, आणि आपला कान वीस हजारांच्या वर बहिरा. मग लाखाची लहर आली तर तिच्याजवळ एक लाख एक हजाराची आपली लहर ठेवायची. दोहोंतला हजाराचा फरक कानाला ऐकू येतो. फेसेंडेनचं डोकं काळाच्या पुढे धावलं. अशी स्थिर लहर सहज निर्माण करणारी व्हॉल्व्ह मिळायला आणखी दहा-बारा वर्षं जावी लागली.

इथे तानपुऱ्याची आठवण होतेच. जोडीच्या तारा जुळवताना त्यांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक उरला असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो नि ओसरतो. खुंटी पिळत जावी तसा हा हिंदोळा मंदावतो आणि तारा जुळल्या की थांबतो. पण उपमा इथेच सोडावी लागते. हवेत दोन स्वर नुसते एकत्र आले तर हिंदोळा मिळतो, तिसरा स्वर जन्मत नाही. त्यासाठी एका लहरीने दुसरीची वाट कमीजास्त करावी लागते, म्हणजे बेरजेऐवजी गुणाकार व्हावा लागतो. अठराव्या शतकातल्या तार्तिनी या इटालियन व्हायोलिनवादकाला दोन तारा एकदम छेडल्यावर खालच्या पट्टीत एक तिसराच स्वर ऐकू यायचा. तो मुख्यतः कानाच्या आतल्या रचनेत तयार होतो, कारण कान आवाज जशाच्या तसा पुढे नेत नाही, थोडा वाकवतो. रेडिओत हे वाकवण्याचं काम मिक्सरकडे असतं. कणभर सदोष असणं हीच त्याची लायकी.

आता पुणे केंद्र लावू. ते ७९२ किलोहर्ट्झवर आहे. गँगची एक बाजू दांड्यावरची गुंडाळी ७९२ला जुळवते. त्याच दांडीवर फिरणारी दुसरी बाजू लाल डबीचा सूर १,२४७वर नेते. फरक ४५५. काटा मुंबईच्या ५५८वर नेला, की लाल डबी १,०१३वर जाते. फरक पुन्हा ४५५. कुठलंही स्टेशन लावा, मिक्सरमधून बाहेर पडताना ते ४५५वरच येतं, आणि त्याच्या अंगावरचं गाणं किंवा बातम्या जशाच्या तशा राहतात. पिवळी, पांढरी, काळी या तीन डब्या त्या एकाच आकड्याला बांधलेल्या असतात. त्यांच्यामधले ट्रान्झिस्टर लहर वाढवत नेतात, शेवटी डायोड तिच्यावरचं गाणं सोलून काढतो आणि ते स्पीकरकडे जातं.

स्केल चेंजर पेटी वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. गायक पांढरी चारमध्ये गावो की काळी दोनमध्ये, पट्ट्यांची फळी सरकवली की बोटं आपल्या सवयीच्या जागीच फिरतात. आधीच्या सेटमध्ये ही सोय नव्हती. तिथे प्रत्येक टप्पा प्रत्येक स्टेशनसाठी नव्याने जुळवायचा, त्यामुळे दर्शनी बाजूवर तीन-तीन चकत्या असायच्या. एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ साली पॅरिसमध्ये, अमेरिकी सैन्यात असताना, हा मार्ग काढला. विमानांच्या इंजिनातल्या ठिणग्यांच्या लहरी पकडता येतील का, असा विचार त्याच्या डोक्यात होता. पण त्या वेळच्या व्हॉल्व्हला एवढी वेगवान लहर वाढवता येत नव्हती. मग लहरच खाली आणायची. फ्रान्समध्ये ल्यूसियाँ लेव्हीने हीच गोष्ट आधी मांडली होती, आणि अमेरिकी पेटंटातले बहुतेक दावे शेवटी लेव्हीच्याच पदरात पडले. श्रेय मात्र लोक आर्मस्ट्राँगला देतात. मला स्वतःला हा अन्याय वाटतो.

वजाबाकीला एक खोड आहे. ती नुसतं अंतर सांगते, बाजू सांगत नाही. १,०१३पासून ५५८ जितकं खाली, तितकंच १,४६८ वर. तिथे जोरदार स्टेशन असेल तर तेही ४५५ होऊन मुंबईच्या आवाजात घुसतं. त्याला अडवायचं काम दांड्यावरच्या गुंडाळीचं. म्हणून ती साधी दिसली तरी तिची जागा मेणाने पक्की करतात.

आणि एक गोष्ट काकांनी सांगितली नव्हती. लाल डबीचा सूर डबीत मावत नाही, थोडासा बाहेर सांडतो. एफएमवर फरक ४५५ किलोहर्ट्झचा नसतो, बराच मोठा असतो; तिथे १०१ लावलं तर ऑसिलेटर १११.७ मेगाहर्ट्झवर असतो, आणि १०८ ते ११८ हा पट्टा विमानांना दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांचा. विमानात रेडिओ लावू देत नसत त्यामागे हे एक कारण. शीतयुद्धाच्या काळात ब्रिटनच्या एमआय फाइव्ह या गुप्तचर संस्थेने याच सांडलेल्या सुरावरून, मॉस्कोचे संदेश घरात बसून ऐकणाऱ्या हेरांचा माग काढायचा घाट घातला होता. पीटर राइटच्या १९८७च्या 'स्पायकॅचर' या पुस्तकात त्याची हकीकत आहे. हेर बिचारा गप्प बसून फक्त ऐकत असायचा. पण गप्प राहून ऐकता येईल असा हा सेटच नव्हे.

पडताळून पाहायचं असेल तर काट्याचे दोन जुने ट्रान्झिस्टर घ्या. रात्री एकावर हजाराच्या पुढचं लांबचं, क्षीण स्टेशन लावा. दुसरा त्याला खेटून ठेवा, सेट चालू ठेवून आवाज अगदी कमी करा, आणि त्याचा काटा त्या स्टेशनच्या ४५५ खाली अगदी सावकाश फिरवा. पहिल्या रेडिओत एक शिटी चढ्या स्वरातून उतरत येईल, क्षणभर बुडेल आणि पुन्हा चढू लागेल. तो दुसऱ्याच्या लाल डबीचा आवाज.