पूर्ण नाव काय म्हणालात?

पुण्यात भाड्याचं घर शोधायला निघालात की एजंट तीन प्रश्न हमखास विचारतो. बॅचलर की फॅमिली? व्हेज की नॉनव्हेज? आणि पूर्ण नाव काय? बजेटची गोष्ट बऱ्याचदा त्यानंतर.

या प्रश्नांमागे एक साधं समर्थन असतं: घर माझं, कुणाला द्यायचं ते मी ठरवणार. ते झटकून टाकता येत नाही. आयुष्यभराची बचत घालून घेतलेला फ्लॅट अनोळखी माणसाच्या हाती देताना धाकधूक वाटणारच. भाडं थकवलं तर? घराची वाट लावली तर? निघालाच नाही तर?

पण या प्रत्येक भीतीवर उपाय आहे. डिपॉझिट आहे, पोलीस पडताळणी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे मोजावे लागू शकतात. हे सगळे उपाय माणूस कसा वागतो याबद्दलचे आहेत. आडनावावरून यातलं काहीच कळत नाही.

मला फरक इथे दिसतो. 'रात्री दहानंतर गाणी नकोत' ही अट मी पाळू शकतो. 'मुसलमान नको' ही अट कुणी कशी पाळायची? जेवणाचा प्रश्न मधला आहे. स्वयंपाकघरात मटण शिजू नये असं मालकाला मनापासून वाटू शकतं. पण 'मी घरात करणार नाही' असं कबूल करूनही नकार येतो, तेव्हा प्रश्न जेवणाचा नव्हता हे कळतं.

आम्ही कोड लिहिणारे फिल्टर रोज लावतो. एकेक फिल्टर निरुपद्रवी वाटतो. सगळे एकत्र लावले की काही जणांसाठी यादी रिकामी येते. एका मालकाची निवड ही फक्त निवड असते. अख्ख्या एरियाची निवड तीच असली की तिची भिंत होते. घटनेच्या कलम १५(२) नुसार धर्मावरून वा जातीवरून कुणाला दुकानात, हॉटेलात मज्जाव करता येत नाही. त्या यादीत भाड्याच्या फ्लॅटचा उल्लेख नाही.

१९१७ साली परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलंय. त्यानंतर त्यांनी दोन मित्रांना आसरा मागितला. एकाने नोकर काम सोडून जातील असं सांगितलं, दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल म्हटलं. मला काठ्यांपेक्षा ही दोन सभ्य उत्तरं जास्त अस्वस्थ करतात. कारण ती मी आजही ऐकतो: 'माझं काही नाही हो, सोसायटीला चालत नाही.'

मग ज्याचं आडनाव सगळ्या फिल्टरांतून पास होतं, त्याने काय करायचं? हा प्रश्न माझ्यासाठी हवेतला नाही. मी आणि माझा रूममेट मिळून घर शोधतोय. तो नांदेडचा, मुसलमान. बाणेरचा एक टू बीएचके दोघांनाही आवडला. एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, 'तुम्ही एकटे घेत असाल तर आजच टोकन द्या.'

मित्र म्हणाला, घेऊन टाक, दोघांनी कशाला हाल काढायचे? त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मी फ्लॅट सोडल्याने त्याला घर मिळत नाही, मालकाचं काही बिघडत नाही. पण मी तो घेतला असता, तर मालकाचा अवघडलेपणा आणि माझा, दोन्ही त्यानेच हसून निभावून न्यायचे होते. भिंत बांधणारे थोडे असतात. ती उभी राहते आपापल्या बाजूला सोय पाहून गप्प राहणाऱ्यांवर. मालकाला नाही म्हणायचा हक्क असेल, तर तो मलाही आहे.

मी टोकन दिलं नाही. आमचा सध्याचा करार महिनाअखेर संपतोय. आता फोनवर कुणी विचारायच्या आधीच मी दोन्ही पूर्ण नावं सांगतो. बजेट त्यानंतर. बरेच फोन तिथेच संपतात. निदान फेरी तरी वाचते.