कथेतले लिंबूटिंबू

मालगुडीत राहायला जायचं का, असं विचारलं तर दूरदर्शनवर शंकर नागची मालिका बघत वाढलेली निम्मी माणसं आजच बोचकं बांधतील. शरयू नदी, तिच्या काठची वाळू, लॉली रोड, एकमेकांची खबर ठेवणारे शेजारी आणि कुणालाच कसली घाई नसलेली दुपार. आगुंब्याला, जिथे त्या मालिकेचं बरंचसं चित्रीकरण झालं, तिथलं 'दोड्डमने' हे जुनं घर बघायला लोक अजून जातात. शिवमोगा जिल्ह्यातल्या अरसाळू स्टेशनाच्या जुन्या इमारतीत रेल्वेने २०२० मध्ये मालगुडीचं संग्रहालय थाटलं. आर. के. नारायण यांनी १९३५ मध्ये 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीतून कागदावर वसवलेल्या गावाला खरे रूळ मिळाले म्हणायचे.

अडचण एवढीच, की ज्या पोरामुळे हे गाव आपल्या मनात बसलं, तो स्वामी स्वतः तिथून पळून जातो. एका शाळेत छडी खाल्ली म्हणून दुसरीत गेला, तिथेही तीच पाळी आली तेव्हा गावच सोडलं, आणि रात्री मेंपीच्या जंगलातल्या रस्त्यावर वाट चुकून घाबरून अर्धमेला झाला. त्याला सोमवार नको, गणित नको, बापाची सुट्टीतली शिकवणी तर मुळीच नको. ती शिकवणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. रामाजवळ दहा आंबे आहेत, त्यांचे त्याला पंधरा आणे करायचे आहेत. कृष्णाला चारच आंबे हवेत, तर त्याने किती पैसे द्यायचे? स्वामी बराच वेळ विचार करतो आणि विचारतो, आंबे पिकलेले होते का? आपण इथे पुस्तक मिटून हसतो, शेजारच्याला वाचून दाखवतो. त्या खोलीत मात्र कुणी हसत नाही. तिथे कान पिळला जातो, डोळ्यांत पाणी येतं आणि त्रैराशिक काही सुटत नाही. पिकलेला आंबा वाचकाच्या वाट्याला आला, स्वामीच्या वाट्याला फक्त उदाहरण.

गल्लीत लपंडाव रंगला की एखादं चार वर्षांचं शेंबडं पोर मलाही घ्या म्हणून रडायचं. मग त्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घ्यायचे. ते सगळ्यांबरोबर धावायचं, लपायचं, ओरडायचं. त्याला शोधून काढलं तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. त्या खेळातला सर्वांत सुखी भिडू तोच. वाचकाचा दर्जा हाच असतो. युद्धात आपण रथाच्या चाकाशेजारी उभे असतो, वादळात होडीत बसलेले असतो, खुनाच्या रात्री वाड्याच्या जिन्यावर असतो; बाण मात्र आपल्याला लागत नाही. कथेतल्या जगात कायमचं राहायला जायचं म्हणजे हे लिंबूटिंबूपण सोडून राज्य घेणं आलं. हा सौदा आतबट्ट्याचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय तिथे गेल्यावर आपण कोण असू, हे सोयीस्करपणे कुणी विचारत नाही. महाभारताच्या काळात असतो तर, असं म्हणणारा प्रत्येक जण स्वतःला निदान सात्यकीच्या पातळीवर धरून चाललेला असतो. आता हिशेब बघा. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. अशा अठरा अक्षौहिणी. म्हणजे नुसतं पायदळच एकोणीस लाखांच्या वर. त्यांतल्या कुणाचं नाव आपल्याला ठाऊक आहे? कुरुक्षेत्रावर जन्म मिळालाच तर तो याच रांगेत मिळणार, आणि गीता सांगितली जात असताना आपण इतके लांब उभे असू की रथ मध्येच का थांबलाय एवढंच शेजारच्याला विचारू.

चाळीचं प्रकरण तर घरचंच. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. ती वाचून चाळीत राहण्याची हुरहुर लागलेली माणसं मला बहुतेक वेळा टू बीएचकेमध्ये भेटतात. खऱ्या चाळीतल्या माणसांचं म्हणणं निराळं. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची खोली आणि संडास मजल्यावर सामायिक. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार म्हटल्यावर, अटी-शर्तींवरून भांडणं पुष्कळ झाली, पण मला खोलीच बरी असं म्हणणारा विरळा. याचा अर्थ पुलंनी खोटं लिहिलं असा नाही. गच्चीसाठीचं चाळकऱ्यांचं आंदोलन हे गच्ची नसलेल्यांचं खरंच दुखणं होतं. फक्त त्यातला विनोद चाळकऱ्यांना दिसत नव्हता. दिसला असता तर आंदोलनच झालं नसतं. चाळ ज्याला गंमतीची वाटते तो लिहिणारा तरी असतो, नाहीतर तिथून बिऱ्हाड हलवलेला तरी.

आणि हे सगळं बाजूला ठेवून एखादा हट्टाने आत शिरलाच, तर काय होईल? याचं उत्तर बस्टर कीटनने १९२४ सालीच 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये देऊन ठेवलंय. चित्रपटगृहात यंत्र चालवणाऱ्या पोराला यंत्रापाशीच डुलकी लागते आणि स्वप्नात तो चालत चालत थेट पडद्यात शिरतो. बागेतल्या बाकावर बसायला जातो, तेवढ्यात दृश्य बदलतं. बाक गायब, हा धाडकन रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध. उठून चार पावलं टाकतो तर पुढे कडा. वाकून खाली बघावं तर समोर सिंह. पुढे तो समुद्रातल्या खडकावरून पाण्यात सूर मारतो आणि बर्फात डोकं रुतवून बसतो. प्रेक्षक पोट धरून हसतात, कारण दोन दृश्यांमधला सांधा त्यांना कधी जाणवतच नाही. आपल्याला कथा इतकी आवडते ती या कात्रीमुळे. नायक घरातून निघाला की पुढच्या ओळीत काशीला पोचलेला असतो; मधले मुक्काम, पायाला आलेले फोड, पोट बिघडल्याचे तीन दिवस कुणीतरी आपल्यासाठी कापून टाकलेले असतात. आत राहणाऱ्याने ही कापाकापी सोसली तर तो कीटनसारखा आपटणार. आणि न कापलेलं आयुष्यच हवं असेल, तर ते आपल्याला इथे फुकट मिळतंय.

कादंबरीत राहायची इच्छा धरून जिवानिशी गेलेली बाई म्हणजे फ्लोबेरची एमा बोव्हारी. कॉन्व्हेंटमध्ये असताना चोरून वाचलेल्या प्रेमकथा तिने खऱ्या धरल्या आणि योनव्हिलसारख्या सुस्त गावात, सरळमार्गी डॉक्टर नवऱ्याच्या घरात, ती त्या कथांसारखं जगायला निघाली. प्रियकर मिळाले. पण त्या कथांत पडद्यांच्या कापडाचं बिल कोण भरतं हे लिहिलेलं नसतं. फ्लोबेरने ते लिहिलं: ल'रो नावाचा व्यापारी, त्याच्याकडची उधारी, सहीवर सही, हुंडीवर हुंडी, व्याजावर व्याज आणि शेवटी जप्ती. प्रेमाने ती घायाळ झाली, पण आर्सेनिकपर्यंत तिला नेलं ते कर्जाने.

पुढची गंमत वुडी ॲलनने १९७७ मध्ये 'न्यूयॉर्कर'मधल्या एका कथेत केली. कुगेलमास नावाचा संसाराला विटलेला प्राध्यापक एका जादूगाराच्या कपाटातून नेमका 'मादाम बोव्हारी'त शिरतो आणि एमाशी सूत जमवतो. कादंबऱ्यांत जगू पाहणाऱ्या बाईच्या कादंबरीत हा जगू पाहतो! काही दिवस मजेत जातात. मग एमा न्यूयॉर्कला येते, कपाट बिघडतं, तिला परत पाठवता येत नाही, आणि प्राध्यापकमहाशय हॉटेलच्या बिलांनी घामाघूम होतात. इथेही पुन्हा बिलंच. कसाबसा सुटतो, तरी खोड जात नाही. पुन्हा कपाटात शिरतो आणि या खेपेला चुकून स्पॅनिशच्या पाठ्यपुस्तकात जाऊन पडतो, जिथे एक केसाळ अनियमित क्रियापद त्याच्या मागे लागलेलं असतं.

मग ही ओढ येते कुठून? खऱ्या जगाला कंटाळलेली माणसं पळवाट शोधतात, हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. पळायचंच असेल तर माणूस छडीच्या मालगुडीत कशाला पळेल? मला वाटतं, आपल्याला हवं असतं ते त्या जगाला मिळालेलं लक्ष. कुणीतरी एका पोराच्या मनातला आंब्याचा प्रश्न ऐकला आणि तो जपून ठेवला. फ्लोबेर एमाच्या कादंबरीवर जवळजवळ पाच वर्षं बसला होता. एकेका पानासाठी दिवसेंदिवस घासत राहायचा. आपल्या एखाद्या साध्या मंगळवारकडे कुणी इतक्या निगुतीने पाहिलंय का? पाहिलं तर तोही मंगळवार वाचनीय होईल, अशी एक आशा या इच्छेच्या तळाशी असते. पण ते लक्ष आत राहणाऱ्यापर्यंत पोचत नाही. एमाचा जीव तडफडत असतो तो आपल्या आयुष्याकडे कुणी नीट बघत नाही म्हणून, आणि ओळीओळीला शब्द तोलत एक माणूस तिच्याकडेच बघत बसलेला असतो. तिला त्याचा पत्ता नाही. आपण तिथे गेलो तर आपल्यालाही लागायचा नाही.

कुणी म्हणेल, सगळीच कथाविश्वं अशी दुखरी नसतात, वुडहाऊसचं ब्लँडिंग्ज कॅसल घ्या. कबूल. तिथे ऊन कायम कोवळं, आणि संकट म्हणजे फार तर एखादी आत्या. पण तिथेही अर्ल एकच असतो आणि ताटं उचलणारे पुष्कळ, तेव्हा पुन्हा तेच पायदळ. मला तिथे एकच जागा खऱ्या अर्थाने सुखाची दिसते, ती एम्प्रेस या डुकरिणीची. लॉर्ड एम्सवर्थ तासन् तास तिच्या कुंपणावर रेलून उभा असतो. तिने एक दिवस अन्न सोडलं तर अख्ख्या गढीला घोर लागतो. म्हणजे राहायला कोवळं ऊन आहे, खायला रोज ताजं आहे आणि आपल्याकडे कुणीतरी बघतंय हे, बहुधा, तिला कळतंही. अर्ज करायचाच झाला तर मी त्या जागेसाठी करीन. मात्र १९२९ च्या 'समर लाइटनिंग'मध्ये तिलाही पळवून नेतात, आणि पुढच्या पुस्तकांतही तिला पळवणाऱ्यांची वाण पडत नाही.