माळ्याची मालकी

तापी मुलताईला उगम पावून खानदेशातून सुरतेकडे येते. आमची घराणीही त्याच वाटेने पांडेसऱ्यात आली. तिकडे ज्वारी दाण्यावर आली की शेतातल्या निंबावर राखणीसाठी माळा बांधीत. फांद्या, कडबा, अंबाडीचे दोर. खिळा एकही नाही. सुगीपर्यंत राखणदाराचे तेच घर.

हातांनी बांधले ते आपले, असे आपण सहज म्हणतो. श्रमातून मालकी उपजते, असे जॉन लॉकनेही १६८९ साली मांडले. माळ्यावर मात्र हा विचार अडखळतो. पाखरे ज्या झाडावर निजत, त्यावरच बसून आम्ही त्यांना गोफणीने हाकलीत होतो. दाणा आमच्या घामाचा खरा; झाड कोणाच्या? (बांधावरचा निंब बहुधा पाखरानेच टाकलेल्या निंबोळीतून उगवलेला!) राखण चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही, पोटाचा दावा मोठा असतो. पण खळे आटोपले की माळा उतरवीत आणि निंब पुन्हा पाखरांचा होई, यात आम्हांला न्याय दिसतो.

पांडेसऱ्यात कापड रंगविण्या-छापण्याच्या गिरण्यांलगत आम्ही पै-पै जोडून घरे बांधली, तीही हातांनीच. ती उतरविता येत नाहीत. त्या जमिनीवर आधी कोणाची राखण चाले, हे आम्ही कधी विचारले नाही.